सहा अक्षरांची मोहोर

हुंडीवर रक्कम एकदा लिहून भागत नसे. आधी आकड्यांत, मग अक्षरी, आणि त्याखाली ‘निम्मे अमुक, त्याचे दुप्पट पुरे अमुक’ असं पुन्हा मोजून दाखवायचं. हजाराची हुंडी असेल तर ‘निम्मे पाचशे, त्याचे दुप्पट हजार’ ही ओळ हवीच. वाटेत कुणी एक शून्य वाढवलं, तरी पाचशेचे दुप्पट काही दहा हजार होत नाहीत. कागद हरवला तर पेठ निघे, पेठही हरवली तर परपेठ, म्हणजे दुसरी आणि तिसरी प्रत. चार ओळींचा हा मजकूर ग्वाल्हेरहून उज्जैनला, मथुरेला, काशीला जाई, आणि तिथला मुनीम तो वाचून रोकड मोजून देई. लिहिणाऱ्याचं तोंडही त्यानं कधी पाहिलेलं नसे. त्याला ठाऊक असे ती खाली नाव असलेल्या पेढीची पत.

ग्वाल्हेरमधल्या लष्करच्या सराफा बाजाराबद्दल लिहिणारे बहुतेक जण या हुंडीपाशी थांबतात, फार तर १८५८ च्या कडुलिंबापाशी. मला त्यापुढच्या, अगदी काल-परवाच्या एका काळाबद्दल लिहायचं आहे. साधारण २००३ ते २०२१ ही अठरा वर्षं. देशातल्या इतर सराफी बाजारांसारखा हा बाजारही तेव्हा गिऱ्हाइकाशी एसएमएसनं बोलू लागला. भाव कळवू लागला, मुहूर्ताचं बोलावणं धाडू लागला, दागिना तयार असल्याचा निरोप देऊ लागला. तो काळ जवळजवळ सरला आहे. हुंड्या संग्रहालयांत मिळतात, या निरोपांचा मात्र एक चिठोराही कुठे नाही, म्हणून तो काळ आताच लिहून ठेवायला हवा.

लष्कर हे नावच छावणीचं. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी उज्जैनहून मुक्काम हलवून ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला. तो तळ पुन्हा उठलाच नाही, तंबूंच्या जागी वाडे आले. फौज आली की तिचा पगार आला आणि पगार आला की सावकार आला. दौलतरावांच्या खजिन्याचा कारभार पाहणारे गोकुळदास पारख इतके मातबर होते की मथुरेतलं द्वारकाधीशाचं मंदिर १८१४ मध्ये त्यांनी उभं केलं. पुढे १८२७ ते १८३३ राज्याची सूत्रं ज्यांच्या हाती होती त्या बायजाबाई शिंदे, कागलच्या घाटग्यांची लेक, स्वतःच सावकारी जाणत होत्या. उज्जैन आणि काशीच्या पेढ्यांत त्यांचा पैसा खेळत होता. कोल्हापूरकडच्या एका मराठी मुलीनं माळव्याच्या आणि गंगाकाठच्या बाजारात पत उभी करावी, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकांत नाही. असायला हवी होती.

आणि मग तो कडुलिंब. १ जून १८५८ रोजी तात्या टोपे, रावसाहेब आणि राणी लक्ष्मीबाई यांच्या फौजेनं ग्वाल्हेर घेतलं. राज्याच्या ‘गंगाजळी’ खजिन्याचे खजिनदार होते बिकानेरचे अमरचंद बांठिया. त्यांनी खजिना या फौजेसाठी उघडला. राणी पडली, शहर इंग्रजांनी परत घेतलं, आणि २२ जूनला बांठियांना सराफा बाजारातल्या कडुलिंबाला फाशी दिलं. फाशी किल्ल्यावर देता आली असती, छावणीत देता आली असती. ती सराफ्यात दिली, कारण शहराला काही सांगायचं तर ते कुठे सांगायचं हे इंग्रजांना नेमकं कळलं होतं. पैसा ज्या गल्लीतून फिरतो तिथूनच वार्ताही फिरते. बांठियांचं स्मारक आजही सराफ्यात आहे, त्याच्यासमोरून सोनं घ्यायला जाणारी माणसं रोज ये-जा करतात.

याच दशकात आग्रा ते मुंबई तारेची लाइन ग्वाल्हेर-इंदूरवरून टाकली गेली. तारेनं बाजाराला एक शिस्त लावली: शब्दाला पैसे पडतात, तेव्हा मोजून बोला. पत्ता लिहितानाही शब्द मोजले जात, म्हणून व्यापारी तारखात्याकडे आपला एक छोटा पत्ता नोंदवून घेत. एखाद-दुसऱ्या शब्दाचं ते नाव आणि पुढे गावाचं नाव, एवढ्यावर तार पेढीत पोचे. जुन्या पावत्यांवर, बिलांवर वरच्या कोपऱ्यात ‘तार :’ असं छापून पुढे जो शब्द असतो तो हाच. एका गावात एक शब्द एकाच पेढीचा. सणासुदीच्या शुभेच्छांसाठी तर खात्यानं वाक्यंच ठरवून त्यांना क्रमांक दिले होते. दिवाळीच्या शुभेच्छांचा एक आकडा, लग्नाच्या शुभेच्छांचा दुसरा. फॉर्मवर आकडा लिहायचा, पलीकडे पूर्ण वाक्य उतरायचं. नोंदवलेलं नाव आणि आधी मंजूर झालेलं वाक्य, या दोन गोष्टी ध्यानात ठेवा. दीडशे वर्षांनी त्या पुन्हा येणार आहेत आणि लोक त्यांना नवा शोध म्हणणार आहेत.

पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ ला, पाव आण्यात. १८८५ मध्ये ग्वाल्हेर राज्यानं ब्रिटिश टपाल खात्याशी करार केला, आणि इंग्लंडच्या राणीच्या चेहऱ्याच्या तिकिटांवर, कार्डांवर राज्याचं नाव वरून छापलं जाऊ लागलं. इंग्रजीत एकदा आणि देवनागरीत ‘ग्वालियर’ असं एकदा. काही छपाईत इंग्रजी नावातला ‘ओ’ चुकून ‘सी’ झाला आणि तिकिटं जमवणारे आजही ती चूक शोधत फिरतात. ही व्यवस्था १९५० पर्यंत टिकली. त्या छाप्यात देवनागरीला वेगळा आकार पडत नव्हता. पाव आण्याच्या कार्डावर मोडीत लिहा, नागरीत लिहा, महाजनीत लिहा, कार्ड पाव आण्याचंच. हे आज सांगायला नको इतकं साधं वाटतं. पुढे ते तसं राहिलं नाही.

१९८५ मध्ये जर्मनीतल्या बॉन शहरात फ्रीडहेल्म हिलेब्रांड नावाचा अभियंता घरी टाइपरायटर घेऊन बसला. युरोपातल्या नव्या मोबाइल यंत्रणेत फोनला हाक देण्यासाठी, त्याचा ठावठिकाणा कळण्यासाठी एक अरुंद वाट आखलेली होती. ती बराच वेळ रिकामीच असे. तिच्यातून छोटा मजकूर पाठवला तर नवा खर्च जवळजवळ नाही. प्रश्न एवढाच होता की मजकूर किती छोटा? हिलेब्रांड मनाला येतील ती वाक्यं टाइप करत गेला, एकेक अक्षर, एकेक मोकळी जागा मोजत गेला. जवळपास प्रत्येक वेळी बेरीज १६० च्या आत राहिली. मग त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ताडून पाहण्यासाठी काय घेतलं? पोस्टकार्डं. लोक कार्डावर बहुधा दीडशे अक्षरांहूनही कमी लिहितात असं दिसलं, टेलेक्सचे निरोपही तसेच आखूड निघाले. १६० हा आकडा असा ठरला. ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थनं पहिला एसएमएस धाडला तो नाताळच्या शुभेच्छांचा. म्हणजे या साधनाचा जन्मच मुळी कार्डाच्या मापानं आणि सणाच्या शुभेच्छेनं झाला. आपल्या बाजारानं ते इतक्या सहज का उचललं, हे मला इथे उमगतं.

पण ती १६० अक्षरं रोमन लिपीची होती. एका संदेशाची जागा १४० बाइटची. रोमन अक्षर सात बिटांत बसतं म्हणून १६० मावतात. देवनागरीसाठी अक्षरामागे सोळा बिट लागतात, मग मावतात फक्त ७०. आणि हे सत्तरही आपण मोजतो तसे नव्हेत. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायची खूण, प्रत्येकाचा हिशोब निराळा. ‘धनत्रयोदशी’ ही आपली सहा अक्षरं यंत्राला दहा होतात. ‘मंगळसूत्र’ पाचाचं नऊ. ‘ग्वाल्हेर’ तर तिनाचं नऊ. रोमनमध्ये हेच नाव सातात आटपतं. पेढीचं नाव, गल्ली, सण, सवलत आणि तारीख एवढं मराठीत किंवा हिंदीत लिहिलं की सत्तरची हद्द ओलांडलीच, आणि एका निरोपाचे दोन, कधी तीन निरोप धरले जात. घाऊक हिशोबात खर्च तिथल्या तिथे दुप्पट-तिप्पट. त्यातून त्या काळच्या स्वस्त हँडसेटांपैकी अनेकांवर नागरीच्या जागी चौकोन उमटत ते वेगळंच. पाव आण्याच्या कार्डावर जो भेद नव्हता तो इथे आला. हा कुणी जाणूनबुजून केलेला अन्याय नव्हता, पण किंमत मोजली ती आपल्या लिपीनं. त्यामुळे सराफ्यातून निघणारे निरोप बहुधा रोमन अक्षरांतल्या हिंदीत नाहीतर मोडक्या इंग्रजीत निघाले. दोनशे वर्षं याच गल्लीतून नथ, ठुशी, मोहनमाळ आणि दोन वाट्यांचं मंगळसूत्र नेणाऱ्या मराठी घरांनाही तेच आले.

भारतात मोबाइलवरचं पहिलं संभाषण ३१ जुलै १९९५ ला झालं. कोलकात्याहून ज्योती बसू बोलले, दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांनी ऐकलं. पण बोलणाऱ्यालाही पैसे आणि ऐकणाऱ्यालाही पैसे, मिनिटाचा दर दोन आकडी, अशा वेळी सराफ्यातला गुमास्ता कुठला फोन बाळगतो! कंपन्यांनी परवान्यांसाठी बोलून बसलेल्या रकमा त्यांनाच पेलेनात. ही कोंडी फोडली १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणानं: ठरीव परवाना शुल्काऐवजी उत्पन्नातला वाटा. तेव्हा पंतप्रधान होते अटलबिहारी वाजपेयी. १९२४ मध्ये याच लष्करातल्या शिंदे की छावणीत जन्मलेले आणि महाराज बाड्यावरच्या गोरखी शाळेत शिकलेले. गोरखीपासून सराफा चार पावलांवर. १ मे २००३ पासून येणारा फोन फुकट झाला, त्याच वर्षी टॉर्चवाला नोकिया ११०० बाजारात आला, आणि वर्षा-दोन वर्षांत मुनीम, कारागीर, हमाल, गिऱ्हाईक सगळ्यांच्या खिशात फोन दिसू लागला. २००४ च्या निवडणुकीत वाजपेयींचाच ध्वनिमुद्रित आवाज देशभरच्या फोनांवर वाजला. घाऊक निरोपाची ताकद आणि मर्यादा दोन्ही त्या निकालानं दाखवल्या.

उलट दिशेनं, म्हणजे घरातून निरोप धाडायला, लोकांना शिकवलं टीव्हीनं. ‘इंडियन आयडॉल’च्या पहिल्या पर्वात मुंबईचा अभिजीत सावंत ५ मार्च २००५ रोजी विजेता ठरला तो प्रेक्षकांच्या मतांवर, त्यातली मोठी संख्या एसएमएसची. मराठी मुलासाठी मत द्यायचं म्हणून ज्या घरांनी पहिल्यांदा एसएमएस टाइप केला, त्यांत महाराष्ट्राबाहेरची मराठी घरंही होतीच. दुकानदाराला हवी होती ती सवय आयती लागली.

सराफी धंद्याला एसएमएस जितका फिट्ट बसला तितका क्वचितच दुसऱ्या कशाला बसला असेल. किराण्याचा भाव रोज कुणी विचारत नाही, सोन्याचा विचारतात. त्यातून ते दिवस भावाच्या उसळीचे. २००७ मध्ये दहा ग्रॅमला दहा हजारांच्या आसपास असलेलं सोनं ऑगस्ट २०११ मध्ये २६ हजारांच्या पुढे गेलं. मुलीचं लग्न ठरलेल्या घराला रोजचा भाव हा रोजचा घोर. सकाळी अकराच्या सुमारास फोन वाजला की ‘२४ इतके, २२ इतके, चांदी किलोला इतकी’ ही एक ओळ त्या घराला कुठल्याही जाहिरातीहून मोलाची वाटे. आणि तिच्यात विकण्याचा एक शब्दही नसे! माझ्या मते सराफ्यातल्या एसएमएसचं सर्वांत उत्तम रूप तेच. गिऱ्हाइकाला लागणारी गोष्ट वेळेवर कळवायची, खाली आपलं नाव ठेवायचं, बस. ‘अकरा हप्ते तुमचे, बारावा आमचा’ अशा सुवर्णयोजनांच्या हप्त्याची आठवण, दुरुस्तीला टाकलेल्या पाटल्या तयार असल्याचा निरोप, हेही त्याच जातीचं.

मग मुहूर्त. दिवाळीच्या अलीकडे येणारं पुष्य नक्षत्र मध्य प्रदेशात खरेदीचं मोठं पर्व, त्यात गुरुवार आला तर बाजारात पाय ठेवायला जागा नसते. पाठोपाठ धनत्रयोदशी, इकडे पाडवा, अक्षय तृतीया. पूर्वी अशा वेळी पेढीचा माणूस नेहमीच्या घरांतून फिरून येई, कार्डं पडत, सिनेमागृहात मध्यंतरात काचेची स्लाइड लागे. १९०५ पासून भरणाऱ्या ग्वाल्हेरच्या मेळ्यात भोंग्यावर पुकारा होई. एसएमएसनं ही सगळी कामं एका दुपारी उरकली. बिल करताना मुनीम नंबर विचारी आणि वहीत लिही. पुढे वहीचा संगणक झाला. नंबरांची यादी घाऊक संदेश पाठवणाऱ्या कंपनीच्या खात्यात चढवायची, मजकूर टाकायचा, कळ दाबायची. संदेशामागे काही पैसे. पाठवणाऱ्याच्या जागी नंबराऐवजी सहा अक्षरं दाखवता येत, पेढीच्या नावाचं कुठलंतरी आखूड रूप. आडनावातले स्वर गाळून केलेली ती सहा अक्षरं म्हणजे जुन्या तारेच्या पत्त्याचीच नात. फोनच्या पडद्यावर ती दिसली की घरातल्या बाईला कळे, आपल्या सराफाचा निरोप आहे.

ही ओळख टिकती तर हा लेख इथेच संपला असता. पण कळ इतकी स्वस्त होती की ती दाबण्याआधी विचार करायचं कुणाला कारण उरलं नाही. जो कधी पेढीची पायरी चढला नाही त्याचा नंबरही यादीत आला, कारण शहरागणिक नंबरांच्या याद्या विकत मिळू लागल्या. देशात २०११ पर्यंत मोबाइल जोडण्या ८० कोटींवर गेल्या होत्या. प्लॉट, शिकवण्या, कर्ज, केस गळणं, बक्षीस लागल्याची थाप, या सगळ्याच्या गर्दीत सराफाचा भावही सापडेनासा झाला. दुपारच्या झोपेत, अंत्ययात्रेत, परीक्षेच्या हॉलबाहेर तोच आवाज. लोकांनी वाचणं सोडलं. पेढीनं नाव कमवायला तीन पिढ्या घालवल्या असतील, ते नाव न बघता पुसायची सवय अंगठ्याला तीन वर्षांत लागली. बाजारातल्या कुणाचं यात वाईट करायचं मनात नव्हतं हे मी मानतो. पण न विचारता घरात शिरणं ते शिरणंच.

दूरसंचार नियामकानं, म्हणजे ट्रायनं, २००७ मध्ये ‘नको’ म्हणणाऱ्यांची राष्ट्रीय नोंदवही काढली. ती फारशी पाळली गेली नाही. मग १ डिसेंबर २०१० चे नियम आले आणि २७ सप्टेंबर २०११ पासून ते पूर्णपणे लागू झाले. १९०९ वर कळवून सगळं बंद करा किंवा सात वर्गांतले हवे तेवढे चालू ठेवा: बँका-विमा, घरं-जागा, शिक्षण, आरोग्य, ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहनं, दूरसंचार-मनोरंजन, पर्यटन. सोन्याला स्वतःचा वर्ग नव्हता. रात्री नऊ ते सकाळी नऊ जाहिरातीचा संदेश नाही. एका सिमवरून दिवसाला शंभरावर संदेश नाहीत, पुढे ही मर्यादा दोनशे झाली. हे सारं योग्यच होतं. एक कलम मात्र मला आजही चुकीचं वाटतं. कामाच्या निरोपाला सहा अक्षरांचं नाव राहिलं, पण जाहिरातीच्या निरोपाला नावाऐवजी आकडे आले. ज्या निरोपात पाठवणाऱ्याची ओळख सर्वांत जास्त हवी, त्याच्यावरूनच मोहोर काढून घेतली. जुना सराफ आणि कालचा भामटा दोघेही पडद्यावर सारखेच सहा आकडे होऊन दिसू लागले. हुंडीवरचं पेढीचं नाव पुसून क्रमांक टाकला असता तर मथुरेच्या मुनीमानं एक पैसा दिला नसता.

मधल्या काळात दोनदा सरकारनं कळच बंद केली. सप्टेंबर २०१० मध्ये अयोध्येच्या निकालाआधी देशभर घाऊक संदेशांवर बंदी आली. ते दिवस पितृपक्षाचे, सराफ्याला एरवीही मंदीचे, म्हणून बाजाराला ती फार जाणवली नसावी. दुसरी बंदी १७ ऑगस्ट २०१२ ची. ईशान्येकडच्या लोकांबद्दल अफवा पसरून बंगळुरू-पुण्याहून त्यांचे लोंढे घरी निघाले, तेव्हा पंधरा दिवसांसाठी घाऊक एसएमएस थांबवले गेले, साध्या माणसालाही सुरुवातीला दिवसाला पाचच संदेशांची मुभा राहिली. दुसऱ्याच दिवशी, १८ ऑगस्टला, अधिक भाद्रपद लागत होता. उत्तरेकडच्या गिऱ्हाइकाला हा मलमास, सोनं घ्यायचं नाही. पण मराठी घरात याच महिन्यात जावयाला वाण द्यायचं असतं: तेहतीस अनारसे आणि चांदीचं ताम्हन, निरांजन, नाहीतर निदान एखादी वाटी. मंदीच्या महिन्यात सराफ्याकडे वळणारं गिऱ्हाईक म्हणजे शहरातली मराठी माणसं, आणि नेमकं त्यांनाच बोलवायचं साधन त्या पंधरवड्यात बंद. मराठी वाणाची कथा महाराष्ट्राबाहेर अशी कुठे कुठे जाऊन भिडते!

तार १४ जुलै २०१३ च्या रात्री बंद झाली. त्या दिवशी देशभर तारघरांपुढे रांगा लागल्या, लोकांनी स्वतःलाच तारा पाठवल्या आणि कागद जपून ठेवला. एसएमएसला असा निरोप मिळाला नाही. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, व्हॉट्सॲपवर हाराचा फोटो पाठवता येऊ लागला, तोही नागरीत हवं तेवढं लिहून. सत्तर अक्षरांची ती कोंडी कुणी न सोडवता आपोआप सुटली. जाहिरात तिकडे सरकली आणि एसएमएसकडे उरले ओटीपी, बँकेची जमा-नावं आणि फसवणूक.

फसवणुकीमुळेच जुनी शिस्त परतली. १९ जुलै २०१८ च्या नियमांनी सांगितलं, पाठवणाऱ्या प्रत्येकानं दूरसंचार कंपन्यांच्या सामाईक नोंदवहीत आपलं नाव नोंदवायचं, सहा अक्षरांची मोहोर नोंदवायची आणि मजकुराचा साचाही आधी मंजूर करून घ्यायचा. ‘आपला ____ तयार आहे’ असं वाक्य ठरलेलं, बदलेल ती फक्त रिकामी जागा. ८ मार्च २०२१ रोजी छाननी सुरू झाली आणि बिननोंदणीचे संदेश यंत्रानं परतवायला सुरुवात करताच बँकांचे, इतकंच काय कोविड लशीच्या नोंदणीचे ओटीपीही अडकले. दुसऱ्याच दिवशी सात दिवसांची स्थगिती द्यावी लागली. मोठ्या बँका गडबडल्या तिथे दोन गुमास्त्यांच्या पेढीचं काय झालं असेल! अनेक लहान दुकानांना साचा, मोहोर, नोंदणी हे प्रकरण न झेपण्याजोगं वाटलं आणि ती या वाटेवरून उतरली.

तरी मी या व्यवस्थेच्या बाजूनं आहे. नोंदवलेलं नाव, ठरलेलं वाक्य, तिऱ्हाइताला फिरवता न येणारा मजकूर. तारखात्याला हे माहीत होतं आणि त्याआधी ‘निम्मे, दुप्पट’ लिहिणाऱ्या मुनीमाला माहीत होतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून नोंद नसलेल्या लिंक असलेले संदेशही अडवायचं ठरलं. आणि २०२५ मध्ये नियामकानं मोहोरेच्या शेवटी एकेक खूण जोडली: जाहिरातीला ‘पी’, सेवेला ‘एस’, व्यवहाराला ‘टी’, सरकारी निरोपाला ‘जी’. आता पडदा पाहताच निरोप कुठल्या जातीचा हे कळतं. अक्षरं रोमनच आहेत, याची खंत आहे.

ग्वाल्हेरच्या, इंदूरच्या, उज्जैनच्या, बडोद्याच्या मराठी वाचकांना आता एक विनंती. पेढ्यांच्या वह्या वाळवीनं खाल्ल्या तरी काही उरल्या. ‘तार :’ छापलेल्या पावत्या जुन्या पेट्यांत सापडतात. पण २००३ ते २०२१ मधले निरोप त्या छोट्या फोनांत होते. त्यांत मोजकेच संदेश मावत, नवा यायला जुना पुसावा लागे. पुसणारे आपणच होतो. कपाटाच्या खणात एखादा जुना हँडसेट पडलेला असेल तर तो भंगारात देण्याआधी एकदा चार्जरला लावून पाहा. सराफ्यातून आलेला एखादा भाव, एखादं धनत्रयोदशीचं बोलावणं त्यात सापडलं, तर तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याची ती सहा अक्षरं जशीच्या तशी वहीत उतरवून ठेवा.